घरात समद्यायला ठाव होतं

थोडं लांबलंय मंडळी, सवडीने वाचा.

परवा जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा म्हणून आतलं सामान काढत बसलो होतो. फोटो, बिलं, निवडणुकीच्या याद्या. त्यात एक फोल्डर निघालं, 'मुलाखती'. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासगटासाठी मी महिनाभर काम केलं होतं. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती त्यांच्या मुलींनी रेकॉर्ड केल्या होत्या. त्या ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा आणि मग संगणकावर 'कोडिंग' करायचं, एवढं माझं काम. तालुका वार्ताहराला मानधन काय मिळतं हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

कोडिंग म्हटलं की लोकांना पुण्या-बंगळुरूची आयटी आठवते. हे ते नाही. समोर मुलाखत उघडायची, एखादं वाक्य माऊसने धरायचं आणि त्याला लेबल लावायचं. 'सावकार', 'नापिकी', 'आजारपण', 'मुलीचं लग्न'. वाटलं तर बाजूला टिपण लिहायचं. सगळ्या मुलाखती अशा झाल्या की 'सावकार' या लेबलावर क्लिक केलं की सगळ्या गावांतले सगळे लोक सावकाराबद्दल जे बोलले ते एका पानावर हजर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आमच्याकडे जुनी बातमी शोधायची तर अंकांचे गठ्ठे उपसावे लागतात.

तेव्हा कुतूहल म्हणून या प्रकाराचा इतिहास वाचला होता. आज तो सांगायचं कारण शेवटी येईलच.

माणसाच्या बोलण्यातली वाक्यं वेगळी काढून विषयवार लावायची, हे काम आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. चक्रधरस्वामींच्या माघारी तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लोकांना गाठून गाठून स्वामींच्या आठवणी जमवल्या आणि लीळाचरित्र झालं. कुठे, केव्हा, कुणापाशी, काय बोलले, सगळं त्यात आहे. पुढे केसोबासांनी त्यातली स्वामींची वचनं वेगळी काढली आणि विषयवार प्रकरणांत लावली. तो सूत्रपाठ. अभ्यासाला, पाठांतराला सोय झाली. पण अडचणही झाली. सुटं वचन हातात आलं की ते कुणाला उद्देशून होतं, रागाने होतं की मायेने, हे कसं कळणार? मग महानुभावांना आणखी एक प्रकार लिहावा लागला. त्याचं नाव 'प्रकरणवश'. कुठलं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं, एवढंच सांगणारं लिखाण.

आधी बोलणं, मग लेबल, आणि मग लेबलाकडून परत बोलण्याकडे जायची वाट. या धंद्यातला सगळा शहाणपणा या तीन पायऱ्यांत आहे असं माझं मत झालंय.

आता थेट अमेरिकेत जाऊ, कारण आजच्या कोडिंगची रीत तिथून आली. 1960 च्या दशकात बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रुग्णालयांत बसून मरणाऱ्या माणसांभोवती काय चालतं ते पाहत होते. डॉक्टर काय बोलतात, नर्स काय लपवतात, नातेवाईक कसे वागतात. त्यांनी आधी रकाने आखून मग माणसं त्यात बसवली नाहीत. टिपणं वाचत गेले आणि त्यातूनच लेबलं निघत गेली. त्यांना चार अवस्था दिसल्या. रोग्याला काहीच ठाऊक नाही. रोग्याला संशय आहे. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते मोकळं बोलतात. आणि चौथी, मला सगळ्यात चटका लावणारी: रोग्यालाही ठाऊक, घरच्यांनाही ठाऊक, पण दोघंही ठाऊक नसल्याचं नाटक एकमेकांसमोर करत राहतात. हे पुस्तक 1965 साली आलं. काम कसं केलं ती पद्धत सांगणारं दुसरं पुस्तक 1967 साली. आज जगभरचे विद्यार्थी जे कोडिंग शिकतात त्याचा मोठा भाग त्या दुसऱ्या पुस्तकातून आलेला आहे.

काम मात्र कष्टाचं. टाइप केलेल्या मुलाखतींच्या प्रती काढायच्या, कात्रीने कापायच्या, एकेका विषयाच्या फाइलीत टाकायच्या. एका वाक्यात दोन विषय आले तर दोन प्रती. चिठ्ठीवर मूळ पान लिहायला विसरलात तर ती बेवारस.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन रिचर्ड्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. कागदांचा ढीग आवरेना. नवरा टॉम संगणकाचा माणूस. त्याने 1981 पासून बायकोच्या कामासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून 'नुडिस्ट' असं चावट नाव पडलं. त्यातूनच 1999 साली 'एनव्हिवो' आलं, जे आज आपल्याकडच्याही अनेक विद्यापीठांत आहे. दरम्यान बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या प्रकल्पातून थॉमस मूर यांचं 'अ‍ॅटलास' आलं. आणखीही बरीच आली. कात्री गेली. वाक्य मूळ जागेवरच राहतं, लेबल फक्त त्याला चिकटतं. लेबलावरून क्लिक करून मूळ मुलाखतीत जाता येतं. म्हणजे आपलं प्रकरणवशच, पण एका सेकंदात.

पण पुढे याच लिनबाईंनी सावध केलं. लोक लेबलं लावत सुटतात, लेबलांचं झाड वाढवत बसतात आणि विचार करायचं राहून जातं, अशी त्यांची तक्रार. हत्यार करणाऱ्यानेच असं सांगावं याला मोठेपणा लागतो.

मराठीत तर मशीनवर विसंबणं फारच धोक्याचं. मी 'कर्ज' हा शब्द शोधायला टाकला, तर त्याने कर्जत तालुकाही आणून दिला. आणि जे हवं होतं ते सुटलं, कारण आमच्याकडे बाई 'कर्ज' म्हणतच नाही. ती म्हणते देणं, उसनवारी, हातउसने, 'मान्साचं देनं लई झालं'. ते ऐकायला कानच लागतो.

हे काम नीट कसं होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. जमवणाऱ्यांत मुळशी-मावळच्या डोंगरातल्या, गरीब डोंगरी संघटनेच्या बायका होत्या. करता करता राज्यातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या झाल्या. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाची साथ मिळाली आणि सगळं संगणकावर गेलं. आज ते भांडार 'पारी'च्या संकेतस्थळावर बघायला-ऐकायला मिळतं.

त्यांनी ओव्यांना अक्षरं आणि आकडे देऊन वर्ग पाडले. हेही कोडिंगच. पण वर्ग कुठले? 'अर्थव्यवस्था', 'आरोग्य', 'शिक्षण' असे सरकारी खात्यांसारखे नाहीत. सीता. पंढरपूर. आई. मुलगा. लेक. बहीण-भाऊ. सासर. बाबासाहेब. जातं ओढणारी बाई ज्या गोष्टी मनात घोळवते, तेच वर्ग. आणि प्रत्येक ओवीपाशी गाणारणीचं नाव आणि गाव. ओवी वर्गात बसली तरी बाई हरवली नाही.

आता माझ्या फोल्डरकडे येतो.

अभ्यासगटाने आम्हाला चौदा लेबलं आधीच ठरवून दिली होती. अहवालाची मुदत जवळ होती, त्यामुळे नवीन काढायची नाहीत. सतराव्या मुलाखतीत गावाचं नाव ऐकलं आणि मी थबकलो. त्या घरची बातमी मीच दिली होती, चार वर्षांपूर्वी. कात्रण शोधलं. सहा ओळी. 'सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून'. हे शब्द मी किती वेळा लिहिलेत याचा हिशेब नाही. पोलीस पाटलाशी फोनवर बोलायचं, नाव-गाव-वय भरायचं, पाच मिनिटांत बातमी. त्या घरी मी गेलोच नव्हतो. म्हणजे माझ्याकडे चौदासुद्धा लेबलं नव्हती, एकच होतं.

रेकॉर्डिंगमध्ये बाई हळू बोलत होत्या. मागे भांड्यांचा आवाज. मुलीने विचारलं, तुम्हाला आधी काही जाणवलं होतं का? बराच वेळ काही नाही. मग त्या म्हणाल्या, "घरात समद्यायला ठाव होतं. त्यायला बी ठाव होतं की आमाला ठाव हाय. पन कुनी इशयच काढला नाई."

हे वाक्य मी माऊसने धरलं आणि लेबलांची यादी बघत राहिलो. कर्ज? नाही. नापिकी? नाही. व्यसन, आजार, बाजारभाव, नाही. ग्लेझर-स्ट्रॉसना दवाखान्यात दिसलेली ती चौथी अवस्था माझ्या तालुक्यातल्या एका घरात होती आणि तिच्यासाठी यादीत जागा नव्हती. मी फोन करून नवीन लेबल मागितलं. उत्तर आलं, 'घरगुती कारण'मध्ये टाका. मी टाकलं. मोजणीत 'घरगुती कारण' एकाने वाढलं.

हे एकट्या वाक्याचं रडगाणं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे काढून बघा. 2013 साली देशात शेती करणाऱ्यांच्या आत्महत्या 11,772. 2014 साली शेतकऱ्यांच्या 5,650. वरवर बघणाऱ्याला वाटेल, एका वर्षात निम्म्यावर आल्या! झालं होतं एवढंच की 2014 पासून शेतमजुरांचा रकाना वेगळा झाला. त्यात 6,710. दोन्हींची बेरीज 12,360, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच. माणसं तीच, लेबल बदललं. त्याच अहवालात शेतकऱ्यांच्या कारणांमध्ये 'कर्ज' आणि 'कौटुंबिक समस्या' हे दोन रकाने जवळजवळ सारखे, प्रत्येकी साधारण 20 टक्के. आता कर्जापायी घरात अबोला धरला गेला तर ते कर्ज की कौटुंबिक समस्या? ठाण्यात फॉर्म भरणाऱ्या माणसाने त्या दिवशी जे ठरवलं ते.

आणि आपल्या राज्यात तर शेवटी दोनच लेबलं उरतात, पात्र आणि अपात्र. जमीन घरच्यांपैकी कुणाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का. असेल तर 1 लाख. पाहुण्यांकडून उसने घेतलेल्याला कागद नसतो, बटईने करणाऱ्याला सातबारा नसतो. ते अपात्र. रकाना आधी आखला की जीवन त्याच्याबाहेर पडतं, आणि बाहेर पडलेलं कुणी मोजत नाही.

रकानेच नकोत असं मी म्हणत नाही. लाखभर ओव्या रकान्यांशिवाय सापडणार नाहीत आणि हजारो मृत्यू रकान्यांशिवाय मोजता येणार नाहीत. माझं मागणं लहान आहे. पंचनाम्यात, चौकशी अहवालात, तहसीलच्या प्रस्तावात जिथे 'कारण' असा रकाना आहे, त्याच्या खाली दोन ओळी कोऱ्या ठेवा. घरच्या माणसाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, आहे तसं. त्याचं शुद्ध मराठी करू नका. उद्या कुणी अभ्यासाला बसला तर त्याला परत जायला वाट राहील. तालुक्याच्या पत्रकार मित्रांनाही हेच सांगतो. 'कंटाळून' लिहायच्या आधी एकदा घरी जाऊन या. मी आता जातो. उशीर होतो, डेस्कवरून ओरडाही बसतो.

फोल्डरमधली ती फाइल परवा उघडली. सॉफ्टवेअरचा परवाना कधीच संपलाय, पण मुलाखतीची छापील प्रत काढताना टिपणंही सोबत उतरवली होती. त्या वाक्यापाशी माझं टिपण आहे, तारखेसकट. अहवालात ते आलं नाही, कुणी वाचलंही नसावं. म्हणून इथे देतो:

'हे घरगुती कारण नाही. या घराची बातमी मी दिली होती, ती चुकीची होती. परत जाऊन विचारायला हवं.'

लॅपटॉप भंगारात दिला नाही. पुढच्या आठवड्यात त्या गावाला जाऊन येतोय.