बोटीवर १२ व्होल्टची वायरिंग: फ्यूज कुठे, किती अँपिअरचा आणि कशासाठी?

चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे तिथे पाणी लांबवर पसरलेलं असतं. माझ्या मामांची छोटी मासेमारीची बोट याच पाण्यात असते. बोटीवर एक १२ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी दिवा आणि मोबाईल चार्जर, बस एवढंच. गेल्या उन्हाळ्यात रात्री फळीखालून अचानक धूर आला. चार्जरची बारीक वायर फळीखाली चेंगरली होती, आतल्या प्लस आणि मायनस तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि वरचं प्लास्टिक वितळत होतं. मामांनी बॅटरीचा चिमटा ओढून काढला म्हणून निभावलं.

गंमत म्हणजे बोटीवर फ्यूज होता! मग तो उडाला का नाही? आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

१२ व्होल्टने काय होतंय?

मामांचंही हेच म्हणणं होतं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे बरोबर आहे. पण आग व्होल्टमुळे नाही, करंटमुळे लागते. घरातल्या इन्व्हर्टरसारखी लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर करंट देऊ शकते. एवढ्या करंटने बारीक तार लालबुंद होते. घरात आग लागली तर आपण बाहेर पळतो. पाण्याच्या मध्यभागी कुठे पळणार? आणि मदतीला फोन करायचा तर तो फोनही त्याच वायरला लावलेला.

फ्यूज नेमकं कोणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं की फ्यूज मोबाईल किंवा दिवा वाचवतो. तसं नाही. फ्यूज वायरला वाचवतो. म्हणून फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, बॅटरीच्या ताकदीवरून नाही.

मामांच्या बोटीचं गणित बघा. चार्जरची वायर ०.५ स्क्वेअर एमएमची आणि ४ मीटर लांब होती. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे एकूण ८ मीटर तांबं. त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.२८ ओहम. शॉर्ट झाल्यावर करंट = १२ ÷ ०.२८, म्हणजे सुमारे ४३ अँपिअर. फ्यूज होता ३० अँपिअरचा. आता ४३ हा आकडा ३० पेक्षा मोठा आहे, पण थोडाच. गाडीत वापरतात तो ब्लेड फ्यूज क्षमतेच्या दीडपटीच्या आसपास करंट आला तर लगेच उडत नाही, त्याला बराच वेळ लागू शकतो. बारीक वायर तापायला तेवढा वेळ भरपूर झाला. त्याच जागी ३ अँपिअरचा फ्यूज असता तर डोळ्याची पापणी लवायच्या आत उडाला असता.

कोणत्या वायरला किती फ्यूज?

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. आधीच तापलेली वायर कमी करंट झेलते, म्हणून आकडे हात राखूनच धरा:

- ०.५ स्क्वेअर एमएम: ३ अँपिअर
- १ स्क्वेअर एमएम (दुकानात 'एकची वायर'): ५ अँपिअर
- १.५ स्क्वेअर एमएम ('दीडची'): १० अँपिअर
- २.५ स्क्वेअर एमएम ('अडीचची'): १५ अँपिअर

हे झालं वरचं टोक. उपकरण कमी करंट घेत असेल तर फ्यूजही लहान घ्या. उपकरणाचे वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. १० वॅटचा दिवा १ अँपिअरपेक्षा कमी घेतो. १८ वॅटचा चार्जर आतली घट धरून २ अँपिअरच्या आत राहतो. दोघांनाही ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. ब्लेड फ्यूज रंगावरूनही ओळखता येतो: ३ अँपिअरचा जांभळा, १० चा लाल, १५ चा निळा, ३० चा हिरवा.

जोडणी कशी करायची?

१. मुख्य फ्यूज बॅटरीजवळच. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं. बोटींसाठीच्या अमेरिकन मानकात हे अंतर साधारण ७ इंच, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे. प्लसला अडीचची वायर आणि १५ चा फ्यूज लावा.

२. पुढे छोटा फ्यूज बॉक्स. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चार-सहा खाचांचा मिळतो. प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज द्या. चार्जरचा उडाला तरी दिवा चालू राहील.

३. मायनसही वायरनेच परत आणा. बोट पत्र्याची असली तरी पत्र्याचा मायनस म्हणून वापर करू नका. पत्रा लवकर गंजतो आणि शॉर्टचा धोका वाढतो.

४. वायर बहुतारी तांब्याचीच घ्या. एकेरी जाड तार बोटीच्या हादऱ्यांनी तुटते. कोकणात खाऱ्या पाण्यामुळे कल्हई केलेली तार लागते. आपल्याकडे गोड्या पाण्यात साधी चालते, पण जोडावर हीट श्रिंक नळी हवीच. नुसती काळी टेप उन्हात सुटते.

५. वायर फळीखालून मोकळी नेऊ नका. प्लास्टिकच्या पाईपमधून न्या आणि जागोजागी बांधा.

या चुका टाळा

- उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी (फॉईल) गुंडाळणं. हे म्हणजे फ्यूजच काढून टाकणं!
- फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा लावणं. आधी वायर कुठे सोलली आहे ते शोधा.
- घरचा एसीचा एमसीबी बोटीवर लावणं. डीसी करंटची ठिणगी तो नीट तोडेलच असं नाही.
- बॅटरी बंद डब्यात ठेवणं. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवा खेळती हवी.
- हातात अंगठी किंवा कडं ठेवून काम करणं. आधी ते काढा, मग बॅटरीचा मायनस काढा आणि नंतर कामाला हात लावा.

शेवटी

मामांच्या बोटीवर आता मुख्य १५ चा आणि दोन जांभळे ३ चे फ्यूज आहेत. फ्यूज, बॉक्स आणि नवी वायर आम्ही एका दुपारी बसवली. हाच नियम ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि शेतातल्या सोलर दिव्यालाही लागू होतो. तुमच्याकडे १२ व्होल्टवर काही चालत असेल तर आजच दोन गोष्टी बघा: फ्यूज बॅटरीजवळ आहे का, आणि त्याचा आकडा सगळ्यात बारीक वायरला झेपेल असा आहे का?