मालवाहू टेंपो

किरकोळ व्यापाऱ्यांचा, कारागिरांचा आणि छोट्या कारखानदारांचा माल थोड्या अंतरावर पोहोचविण्यासाठी वापरले जाणारे लहान स्वयंचलित वाहन. मराठीत ‘टेंपो’ हा शब्द आता सामान्यनाम झाला असून तीनचाकी वा चारचाकी, उघड्या हौद्याची वा बंद पेटीची अशी कोणतीही हलकी मालगाडी त्यात समाविष्ट होते. मुळात मात्र ते एका जर्मन गाडीचे व्यापारी नाव होते. ही गाडी १९५८ पासून मुंबईत व पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होऊ लागली, आणि महाराष्ट्रातील लहान बाजारगावांच्या व्यापाराला तिने जे वळण दिले, त्याचे परभणी जिल्हा हे बोलके उदाहरण आहे.

हँबर्ग येथील फिडाल आणि पुत्र या कारखान्याने १९२८ च्या सुमारास ‘टेंपो’ नावाची तीनचाकी बाजारात आणली. चारांपेक्षा कमी चाकांच्या व लहान एंजिनाच्या वाहनांना त्या वेळच्या जर्मन नियमांनी वाहन-कर व चालक-परवाना यांतून सूट दिली होती. तीनचाकींच्या जन्मास तांत्रिक कारणांपेक्षा ही सवलत अधिक कारणीभूत झाली. पहिल्या नमुन्यांत मालाची पेटी चालकाच्या पुढे असे व गाडी मागील चाकाने ढकलली जाई. पुढे ही रचना उलटी करण्यात आली. एकच चाक पुढे आले, त्याच्या वर एंजिन बसविले गेले आणि साखळीच्या साहाय्याने त्याच चाकाला गती देण्यात येऊ लागली. त्यामुळे मागील भाग पूर्णपणे मालासाठी मोकळा राहिला व हौदा जमिनीच्या जवळ आणता आला. माल डोक्यावरून वा पाठीवरून चढविणाऱ्या हमालाच्या दृष्टीने हौद्याची ही कमी उंची फार महत्त्वाची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये निघालेला ‘हान्सेआट’ हा या मालिकेतील नमुना भारतात आला. त्याचे एंजिन सुमारे ४०० घ. सेंमी. क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे व दोन धावांचे होते. इंधनातच वंगणतेल मिसळावे लागे, त्यामुळे धूर व फटफट आवाज ही त्याची ओळख बनली. भारवहनक्षमता साधारणपणे पाऊण टन होती. पुढे निमुळते, गोलसर नाक, त्याखाली एकच चाक, मागे चालकाची छोटी कोठडी, तीत हँडलऐवजी गोल सुकाणूचक्र आणि त्यामागे हौदा असा तिचा आकार होता. जर्मनीत हान्सेआटचे उत्पादन १९५६ मध्ये थांबले. भारतात ते १९५८ मध्ये सुरू होऊन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. जन्मभूमीत आठ वर्षांत संपलेली गाडी परक्या भूमीत चार दशके टिकल्याचे हे उदाहरण मोटारउद्योगाच्या इतिहासात विरळा आहे.

या गाडीचे भारतातील उत्पादन अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) फिरोदिया घराण्यातील नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमल यांचे नाव ऑटोरिक्षाच्या प्रारंभाशीही निगडित आहे. माणसाने माणसाला ओढू नये आणि ओझेही शक्यतो यंत्राने वाहावे, हा विचार स्वातंत्र्योत्तर काळातील सार्वजनिक चर्चेत प्रबळ होता व तीनचाकी वाहनांच्या पुरस्कारात त्याचा वाटा होता. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपो या कंपनीने हान्सेआटनंतर चारचाकी ‘व्हायकिंग’ व १९६९ च्या सुमारास ‘मॅटॅडोर’ ही गाडी काढली. मॅटॅडोर हे नाव जर्मन कंपनीच्याच एका जुन्या गाडीचे होते. डीझेल एंजिनावर चालणारी ही हलकी गाडी पाव, दूध, औषधे यांच्या वाहतुकीसाठी, तसेच शाळेची गाडी व रुग्णवाहिका म्हणून सर्वत्र दिसू लागली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे झाले. कंपनीच्या नावातून टेंपो गेला, तरी लोकांच्या बोलण्यातून तो गेला नाही.

परभणी जिल्ह्याच्या दळणवळणाची रचना समजून घेतल्याशिवाय या वाहनाचे महत्त्व ध्यानात येत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. संस्थानी काळात गोदावरी खोऱ्यातील मनमाड–सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग हीच व्यापाराची मुख्य वाट होती. सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा ही तिच्यावरील स्थानके. प्रवासी वाहतुकीसाठी निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली आणि तिचा पुष्कळ गवगवाही झाला, परंतु स्थानकापासून दुकानापर्यंत मालाच्या वाहतुकीची अशी कोणतीही सोय सरकारने केली नाही. ते काम बैलगाडीकडेच राहिले.

मानवत हे कापसाच्या व्यापारासाठी ख्यातनाम असलेले गाव लोहमार्गापासून दूर आहे. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ हा शब्द हेच अंतर दर्शवितो. मानवत, पाथरी येथील व्यापाऱ्यांचा रेल्वेने आलेला माल मानवत रोडला उतरे व तेथून गाड्यांनी गावात जाई. जिंतूरला तर लोहमार्ग नाहीच, त्यामुळे तेथील माल परभणी किंवा सेलूहून रस्त्याने न्यावा लागे. गंगाखेड परभणी–परळी लोहमार्गावर असले, तरी आसपासच्या खेड्यांचा आठवडी बाजार गाड्यांवरच अवलंबून होता. मनमाडला मार्गाचे माप बदलत असल्याने मुंबईकडील माल तेथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे, त्यात दिवस जात व मोडतोडही होई. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा मार्ग ब्रॉडगेज झाला. तोपर्यंत किराणा, कापड, औषधे यांसारखा घाईचा किंवा नाजूक माल ट्रकने येऊ लागला होता. ट्रक मोंढ्यापर्यंत येई. मराठवाड्यात धान्य व आडत व्यापाराच्या बाजारपेठेस मोंढा म्हणतात. मोंढ्याच्या पुढचे, म्हणजे गल्लीतील दुकानाचे व खेड्यातील टपरीचे अंतर टेंपोने तोडले.

गोडेतेलाचे डबे, साखरेची पोती, चहापत्ती, बिडीबंडल, साबण, बिस्किटांचे खोके, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट अशा मिश्र मालाला पाऊण टनाचा हौदा नेमका पुरतो. पूर्वी खेड्यातील दुकानदार आठवड्यातून एकदा शहरात येऊन, उधारीवर माल घेऊन बैलगाडीने परतत असे. टेंपोमुळे घाऊक व्यापाऱ्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या गावांची फेरी करता येऊ लागली. याचा परिणाम पतव्यवहारावर झाला. फेरीवर माल देताना मागील बाकी वसूल करता येत असल्याने उधारीची मुदत हंगामावरून आठवड्यावर आली. दुकानदारास साठा कमी ठेवणे शक्य झाले, मात्र एकाच घाऊक पेढीवरचे त्याचे अवलंबित्वही वाढले. या दुसऱ्या बाजूकडे वाहतुकीवर लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

१९६९ मधील बँक राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदारांचा समावेश अग्रक्रमाच्या कर्जदारांत झाला. त्यामुळे ट्रक घेण्याची ऐपत नसलेल्या, परंतु वाहन चालविण्याचे कौशल्य असलेल्या तरुणास स्वतःचे वाहन घेणे शक्य झाले. चालक हाच मालक हा या धंद्याचा विशेष होय. त्याच वर्षीच्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीला व कामाच्या अटींना संरक्षण दिले. टेंपोचालक स्वतः पोती उचलीत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो मजूर नव्हता. ओझे तेच, पण हक्क वेगळे, अशी त्याची स्थिती होती. बैलगाडीवाल्यांपैकी काहींनी टेंपो घेतले, बहुतेकांना मात्र ते जमले नाही. बैल शेतीतही कामी येतो व चारा घरचा असतो, टेंपो उभा राहिला तरी कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

काळ्या मातीच्या प्रदेशात तीनचाकीची एक अडचण प्रकर्षाने जाणवली. बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या पडतात व त्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. चारचाकी गाडी चाकोरीतून चालू शकते, पण तीनचाकीचे पुढील चाक नेमके मधल्या उंचवट्यावर येते. त्यातून गती देणारे चाकही तेच असल्याने, माल मागे अधिक भरला किंवा चढ लागला म्हणजे पुढील चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते. पावसाळ्यात दुधना, पूर्णा यांच्या काठच्या गावांना जाणारे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जात, तेव्हा टेंपो अलीकडेच थांबे व पलीकडचा माल पुन्हा बैलगाडीवर जाई. वळणावर एकाएकी गतिरोधक दाबल्यास गाडी कलंडण्याचा धोकाही चारचाकीपेक्षा अधिक होता. तथापि अरुंद गल्लीत, पुढच्या एका चाकाच्या बळावर, ती जेवढ्या जागेत वळत असे तेवढ्यात दुसरी गाडी वळत नसे.

मालासाठी परवाना असलेल्या टेंपोतून माणसांची वाहतूक ही या इतिहासातील गंभीर बाब आहे. वऱ्हाड, ऊसतोडणीचे मजूर, उरूस व जत्रांचे यात्रेकरू हौद्यात बसून प्रवास करीत आले आहेत. बाजारकरी तर स्वतःच्याच गाठोड्यावर बसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ (अंमल १ जुलै १९८९ पासून) याने एकूण वजन ३,००० किग्रॅ. पर्यंत असलेल्या मालगाड्यांना परमिटच्या सक्तीतून वगळले. त्यामुळे धंदा सुलभ झाला, परंतु अपघातग्रस्तांचा प्रश्न सुटला नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मिळाले. त्याआधीच्या अपघातांना हे संरक्षण लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आणि मालगाडीत केवळ प्रवासी म्हणून बसलेल्यांना सक्तीच्या विम्याचे हे संरक्षण नाही, असे २००४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एकाच हौद्यात मिरचीच्या पोत्यावर बसलेली, पोत्याची मालकीण असलेली बाई संरक्षित, आणि तिच्या शेजारी बसलेली मजूर स्त्री असंरक्षित ठरते. बस न पोहोचणाऱ्या खेड्यांत टेंपो हाच एकमेव पर्याय असताना ही भेदरेषा प्रवाशांना ठाऊक असण्याची शक्यता थोडी.

बंद पेटीच्या लहान गाड्यांच्या बाबतीत १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन (पुढे ‘ओम्नी’) महत्त्वाची आहे. तिचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. बारामती येथे १९९९ पासून पिआज्जो कंपनीच्या ‘आपे’ या डीझेल तीनचाकी होऊ लागल्या व त्यांनी जुन्या टेंपोची जागा झपाट्याने घेतली. २००५ मध्ये टाटा मोटर्सने काढलेली ‘एस’ ही सुमारे ७०० घ. सेंमी. डीझेल एंजिनाची चारचाकी ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झाली. ग्रामीण महाराष्ट्रात तीनचाकी मालगाडीचे वर्चस्व संपविण्यास ती मुख्यतः कारणीभूत होय.

यूरोप व जपानमध्ये याच काळात उलटा प्रवाह दिसतो. १९४७ ते १९८१ या काळात निघालेल्या सीत्रोएनच्या नालीदार पत्र्याच्या ‘एच’ गाडीचा चेहरा आधुनिक गाडीवर चढविण्याचे संच २०१७ पासून विकले जाऊ लागले. निस्सान कंपनीने १९८९–९१ मध्ये गोगलगायीच्या आकाराची ‘एस-कार्गो’ काढली होती, तर २०२२ मध्ये फोक्सवॅगनने आपल्या जुन्या व्हॅनची आठवण देणारी विजेवरील मालगाडी आणली. कॉफीवाले, फुलवाले, बेकरीवाले अशा गाड्या हौसेने घेतात, कारण गाडी हीच त्यांची जाहिरात असते. भारतात मात्र जुना आकार टिकला तो हौसेमुळे नव्हे. उत्पादनपरवान्यांच्या मर्यादा, परकीय चलनाचा तुटवडा आणि गावोगावच्या कारागिरास दुरुस्ती येणे ही त्याची कारणे होत.

‘टेंपो’ शब्दाचा अर्थ प्रदेशानुसार बदलतो. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये तो प्रवासी तीनचाकीस, तर काठमांडूत १९९० नंतर आलेल्या विजेवरील प्रवासी तीनचाकीस ‘सफा टेंपो’ या रूपाने लावला जातो. मराठीत तो प्रामुख्याने मालाशीच निगडित राहिला. १९८१ मध्ये परतूर तालुका जालना जिल्ह्यात गेला व १९९९ मध्ये हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे परभणी जिल्ह्याच्या सीमा आकुंचित झाल्या आणि वाहनांच्या पाट्यांवर एम एच २२ शेजारी हिंगोलीची एम एच ३८ ही मालिका दिसू लागली. मोंढ्याच्या फेऱ्यांना मात्र ही सीमा नाही. वसमत, औंढा या हिंगोली जिल्ह्यातील गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दोन्ही मालिकांचे टेंपो चालतात.