शरणागती : खामगाव–शेगाव परिसरातील भक्तिपरंपरा

शरणागती : भक्तिमार्गातील एक भाव व साधना. आपले बळ, विद्या आणि पुण्याई अपुरी आहे हे मनोमन मान्य करून ईश्वराला नम्रपणे हाक मारणे आणि फळाचा भार त्याच्यावर सोपवणे, हे तिचे स्वरूप. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव आणि तेथून सुमारे १७ किमी.वरील शेगाव या पट्ट्यात हा भाव श्रीगजानन महाराजांच्या उपासनेतून घरोघरी रुजला आहे. येथील भाविक कर्तव्य टाकून देवाच्या दारी बसत नाही. कर्तेपणाचा ताठा मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो. या परंपरेचे मर्म याच भेदात आहे.

शास्त्रीय बैठक : भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस श्रीकृष्ण अर्जुनाला शरण येण्यास सांगतो, पण त्यानंतर अर्जुन रथातून उतरत नाही, धनुष्य उचलतो. वैष्णव आगमग्रंथ शरणागतीची सहा अंगे सांगतात : ईश्वराला अनुकूल असेल तेच करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाळणे, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षक म्हणून त्याची निवड, स्वतःला त्याच्या हाती सोपवणे आणि कार्पण्य, म्हणजे आपल्या दीनपणाची प्रामाणिक जाणीव. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव संप्रदायात यावरून दोन मते झाली. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तर मांजरीच्या पिल्लाला आईने उचलून न्यावे लागते. भक्ताचा वाटा यांपैकी कोणत्या पिल्लासारखा, असा तो वाद आहे.

मराठी संतांनी हा प्रश्न आचरणातून सोडवला. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितले, तेही सगळ्या विश्वासाठी. नामदेवांनी विठ्ठलाला लेकराच्या हट्टाने आळवले. तुकोबांनी स्वतःचे उणेपण उघडपणे मांडले. समर्थ रामदासांनी करुणाष्टकांत देवापुढे काकुळती केली आणि दासबोधात प्रयत्नाचा व भगवंताच्या अधिष्ठानाचा एकत्र पुरस्कार केला.

बुलढाणा जिल्ह्याचा या परंपरेशी जुना संबंध आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. देवळात पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या चोखोबांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि समाजाने केलेल्या अन्यायाचा जाबही त्यालाच विचारला. देवापुढे लीन झालेला माणूस अन्यायापुढे मुका राहत नाही, हे त्यांच्या अभंगांतून कळते. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. पंढरपुरात नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे.

स्थानिक पार्श्वभूमी : खामगाव ही वऱ्हाडातील जुनी कापूसपेठ. जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला, तो येथील कापूस मुंबईमार्गे विलायतेला पोहोचवण्यासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच उतरले. पाऊस आभाळाच्या हाती आणि भाव परमुलखातल्या बाजाराच्या हाती, ही येथील शेतकऱ्याची स्थिती तेव्हापासूनची. वेळेवर पेरणी, डवरणी, निंदण करूनही पदरात काय पडेल हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी मृगाच्या तोंडावर देवाला साकडे घालणारा माणूस आळशी नसतो. आपल्या कष्टांची मर्यादा त्याला नेमकी ठाऊक असते. चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणवणाऱ्या या गावात कोजागिरीपासून मोठ्या देवीचा, म्हणजे जगदंबेचा, शांती उत्सव भरतो; तेव्हाही बायाबापड्या देवीपुढे पदर पसरतात.

श्रीगजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. त्यांचे ओवीबद्ध चरित्र ‘श्रीगजानन विजय’ संतकवी दासगणू यांनी १९३९ मध्ये रचले. एकवीस अध्यायांची ही पोथी या भागातील शरणागतीचे पाठ्यपुस्तकच ठरली आहे.

पोथीतील खामगावची कथा : पोथीत भाऊ कवर हे खामगावच्या दवाखान्यातील डॉक्टर येतात. त्यांना एक दुर्धर फोड झाला. बाहेरगावचे नामांकित डॉक्टर आले, औषधे झाली, शस्त्रक्रिया झाल्या, गुण येईना. वडील बंधू हवालदिल झाले. इतरांची दुखणी बरी करणारा माणूस स्वतःच्या दुखण्यापुढे हतबल झाला, तेव्हा त्याने अंथरुणातूनच महाराजांचा धावा केला. मध्यरात्र उलटल्यावर दारात एक दमणी (लहान बैलगाडी) येऊन थांबली. शेगावहून आलो म्हणणाऱ्या ब्राह्मणाने अंगारा व तीर्थ हाती दिले आणि तो निघून गेला. शोधूनही सापडला नाही. अंगारा लावताच फोड फुटला, पू वाहून गेला आणि कित्येक दिवसांनी रोग्याला झोप लागली. पुढे शेगावी गेल्यावर त्या दमणीचा उलगडा महाराजांच्या बोलण्यातूनच झाला.

याच डॉक्टरांची दुसरी कथा महाराजांच्या समाधीनंतरची आहे. तेल्हाऱ्यास बदली झाल्यावर ते शेगावी दर्शनाला आले. महाराजांचे शिष्य बाळाभाऊ यांनी प्रसाद घेऊन जाण्याचा आग्रह केला, तो न मानता त्यांनी रात्रीच गाडी जुंपली. सरावाच्या रस्त्यावर गाडीवान वाट चुकला आणि उजाडताना गाडी शेगावच्याच शिवारात होती. डॉक्टर परतले, प्रसाद घेतला आणि मगच निघाले. पहिल्या कथेत संकटाने आलेली नम्रता आहे; दुसरीत संकट टळल्यावर ती टिकवण्याची शिकवण आहे. भाविकांच्या दृष्टीने दुसरी अधिक अवघड, कारण दुखण्यात हात जोडले जातातच. बरे वाटल्यावर ते पुन्हा जोडणे ही खरी कसोटी.

पोथीतील आणखी दोन प्रसंग याच सूत्राचे आहेत. गीतेवरील व्याख्यानाचा तोरा मिरवणाऱ्या ब्रह्मगिरी गोसाव्याला महाराज पेटत्या पलंगावर शेजारी बसायला बोलावतात. शब्दज्ञान आणि अनुभव यांतले अंतर त्याला तिथे उमगते. अकोलीच्या शिवारात भास्कर पाटील तहानलेल्या महाराजांना पाणी नाकारतो. तेव्हा महाराज कोरड्या विहिरीच्या काठी बसून देवाची करुणा भाकतात आणि झरा फुटतो. ज्याला भाविक समर्थ मानतात, तोही या प्रसंगी मागणाऱ्याच्या भूमिकेत असतो.

आचार : नम्रतेचे शिक्षण येथे तीन गोष्टींतून होते. पहिली पारायण. अनेक जण दशमी ते द्वादशी अशा तीन दिवसांत पोथी पूर्ण करतात, काही गुरुपुष्याच्या योगावर एकाच बैठकीत. दुसरी वारी. शेगावहून पालखी अकोला, परळी, सोलापूर, मंगळवेढा मार्गे पायी पंढरपूरला जाते आणि परतताना लोणार, मेहकर मार्गे खामगावला मुक्कामी येते. श्रावणाच्या सुमारास, शेवटच्या टप्प्यात, खामगाव ते शेगाव हे अंतर हजारो माणसे पालखीसोबत चालतात. पहाटेच रस्ता भरून जातो. अंगावर पावसाची भुरभुर, हातात टाळ, कोणाच्या पायात चपला तर कोणी अनवाणी. व्यापारी, हमाल, प्राध्यापक, मजूर एका रांगेत चालतात आणि एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. दुतर्फा लोक चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभे असतात आणि घेणाऱ्याच्याच पाया पडतात. मान-मरातब घरी ठेवून यायचे, हे न सांगता समजते.

तिसरी गोष्ट सेवा. शेगाव संस्थानची स्थापना महाराजांच्या हयातीत, १९०८ मध्ये झाली. गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनामोबदला झाडलोट, पंगतीचे वाढप, चपलांची राखण अशी कामे करतात. दीर्घकाळ व्यवस्थापकीय विश्वस्त असलेले शिवशंकरभाऊ पाटील (निधन ४ ऑगस्ट २०२१) स्वतःला सेवकच म्हणवत.

आक्षेप व विवेक : शरणागतीने माणूस दैववादी होतो, हा जुना आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. दवाखान्याऐवजी केवळ अंगाऱ्यावर विसंबणे किंवा नवस म्हणजे देवाशी सौदा समजणे, ही तिची विकृत रूपे होत. विदर्भातल्याच गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) नवस आणि पशुबळींवर कीर्तनातून कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत प्रार्थनेची सांगड श्रमाशी आणि ग्रामसेवेशी घातली. भाऊ कवरांच्या कथेतही उपचार आधी होतात, धावा नंतर. आणि बरे झालेला डॉक्टर दवाखाना सोडत नाही.

तुलना : ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात पहिला ‘धन्य’ हा उद्गार आत्म्याने दीन असलेल्यांसाठी आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या व्यसनमुक्ती चळवळीची पहिली पायरीही दारूपुढे आपले काही चालत नाही याची कबुली हीच आहे. मदत त्यानंतरच मागता येते.

महत्त्व : कर्जाने पिचलेल्या, दुखण्याने खचलेल्या माणसाचा सर्वांत मोठा शत्रू एकटेपणा असतो. सारे मलाच पेलायचे आहे, हा हट्ट त्याला आतून पोखरतो. शरणागती त्याला हात पसरण्याची लाज सोडायला शिकवते. जो देवापुढे मोकळेपणाने रडू शकतो, त्याला शेजाऱ्यापुढे, डॉक्टरपुढे, भावापुढे आपले दुःख मांडणे सोपे जाते, आणि दुसऱ्याच्या मदतीला धावणेही. खामगाव–शेगावच्या या परंपरेने वऱ्हाडाला दिलेले हे सर्वांत मोलाचे देणे आहे.