सनई : दुहेरी पत्तीवर तोललेला सूर

काष्ठसुषिर वाद्यांचा गट लाकडावरून नव्हे, तर ध्वनी कसा उत्पन्न होतो यावरून ठरतो. म्हणूनच धातूचा सॅक्सोफोनही त्यात मोडतो. बासरीत फुंकर छिद्राच्या कडेवर आदळते. सनईत ती दुहेरी पत्तीतून जाते आणि पत्तीच्या कंपनांनी नळीतील हवा निनादू लागते. नळी खाली रुंदावत जाते व तिच्या टोकाला बहुधा धातूचा प्याला असतो.

याच जातकुळीतील पाश्चात्त्य ओबोला चाव्या असतात, सनईला नाहीत. छिद्रे बोटांनी अर्धवट झाकून आणि ओठांचा दाब बदलून वादक सूर साधतो. त्यामुळे मींड शक्य होते. बेसूर होण्याचा धोकाही तितकाच. पत्ती कोरडी राहिली, तर मुरलेला वादकही हतबल ठरतो. दक्षिणेतील नादस्वरम् अधिक लांब, अधिक बुलंद.

देवळात आणि लग्नमंडपात रमलेल्या सनईला रागसंगीताच्या मैफलीत मान मिळाला, तो प्रामुख्याने भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) यांच्यामुळे. मुख्य वादकामागे सूर धरणारा साथीदार गालांत साठवलेल्या हवेने षड्ज अखंड ठेवतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. श्रोत्यांचे त्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते.