बी मायनर मास

बी मायनर मास (बीडब्ल्यूव्ही २३२) ही योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) या जर्मन संगीतकाराची लॅटिन भाषेतील धार्मिक रचना आहे. ती समूहगान, एकलगायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली असून बरोक कालखंडातील पाश्चात्त्य संगीताच्या श्रेष्ठ कृतींत तिची गणना होते. सादरीकरणास साधारणपणे पावणेदोन ते सव्वादोन तास लागतात. हा फरक मुख्यत्वे गायक-वादकांनी स्वीकारलेल्या लयीमुळे पडतो.

रचनेचा इतिहास

ही कृती एका सलग काळात लिहिली गेली नाही. 'सांक्टुस' हा भाग १७२४ सालच्या नाताळासाठी रचलेला होता. 'किरिये' आणि 'ग्लोरिया' हे भाग बाखने १७३३ मध्ये ड्रेसडेन येथे सॅक्सनीच्या इलेक्टरला अर्पण केले. त्यामागे दरबारी पदवी मिळवण्याचा हेतू होता. ती त्याला १७३६ मध्ये मिळाली. आयुष्याच्या अखेरीस, सुमारे १७४८–४९ मध्ये, त्याने उरलेले भाग जोडून मास पूर्ण केला. अनेक विभागांत त्याने स्वतःच्याच जुन्या रचनांचा पुनर्वापर केला आहे. बाखच्या हयातीत संपूर्ण मास सादर झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही. बर्लिन येथील राज्य ग्रंथालयात असलेल्या मूळ हस्तलिखिताचा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश करण्यात आला.

स्वरपट्टी

संपूर्ण कृतीला बाखने एकच नाव दिलेले नाही. प्रचलित नाव आरंभीच्या 'किरिये'च्या स्वरपट्टीवरून पडले असून ते काहीसे फसवे आहे. सत्तावीस विभागांपैकी मोजकेच बी मायनरमध्ये आहेत. डी मेजरमधील विभागांची संख्या त्याहून बरीच जास्त आहे. या दोन्ही स्वरपट्ट्यांत तेच सात स्वर येतात, फक्त आधारस्वर बदलतो. त्यामुळे एकीतून दुसरीत सहज जाता येते. डी मेजरच्या निवडीमागे व्यावहारिक कारणही होते. त्या काळातील तुताऱ्यांना कळा नसत. डीमध्ये बांधलेल्या तुतारीवर त्याच पट्टीतील निवडक नैसर्गिक स्वर निघत. म्हणून तुतारी आणि नगारे असलेले जल्लोषाचे विभाग डी मेजरमध्ये आहेत.

हार्मोनियमच्या परिभाषेत बी म्हणजे पांढरी सात आणि डी म्हणजे पांढरी दोन. मेजर श्रेणी बिलावल थाटाशी, तर नैसर्गिक मायनर श्रेणी आसावरी थाटाशी जुळते. मात्र पाश्चात्त्य रचनेत आधारस्वर एकाच कृतीत वारंवार बदलतो. 'किरिये'चे तीन विभाग अनुक्रमे बी मायनर, डी मेजर आणि एफ शार्प मायनर यांत आहेत. हे तिन्ही आधारस्वर एकत्र घेतल्यास बी मायनरची स्वरसंगती तयार होते.

ऐकताना स्वरपट्टी कागदावरच्याप्रमाणेच ऐकू येईल असे नाही. आधुनिक वाद्यवृंदात ए हा स्वर साधारणपणे ४४० हर्ट्झला, तर बरोक वाद्ये वापरणाऱ्या बहुतेक वृंदांत ४१५ हर्ट्झला लावतात. त्यामुळे अशा ध्वनिमुद्रणात 'किरिये' सुमारे अर्ध्या स्वराने खाली, म्हणजे काळी पाचच्या जवळ ऐकू येते.

लय

बाखने लयीच्या सूचना फार थोड्या दिल्या आहेत. १७३३ च्या स्वरलिपींत 'किरिये'च्या पहिल्या चार मापांना 'अडाजो' व पुढील भागाला 'लार्गो' असे म्हटले आहे. 'ग्लोरिया'च्या आरंभी 'व्हिव्हाचे', म्हणजे चैतन्यपूर्ण, अशी सूचना आहे. 'कॉन्फितेओर'च्या शेवटी गती मंदावून 'अडाजो' होते आणि त्यानंतर 'व्हिव्हाचे ए अलेग्रो' या द्रुत विभागाला सुरुवात होते. इतर बहुतेक ठिकाणी मापाचे चिन्ह, शब्दांचा आशय आणि नृत्याची चाल यांवरून लय ठरवावी लागते.

भाव

भावदृष्ट्या कृतीचा मध्य 'क्रुसिफिक्सुस' या विभागात आहे. ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याचे वर्णन करणारा हा विभाग १७१४ मधील एका कांताटावर आधारित असून तो ई मायनरमध्ये आहे. खर्जातील चार मापांची, अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरणारी आकृती तेरा वेळा येते. शेवटच्या आवर्तनात ती अनपेक्षितपणे जी मेजरकडे वळते आणि आवाज हळुवार होत थांबतात. लगेच पुनरुत्थानाचा विभाग डी मेजरमध्ये तुताऱ्यांसह सुरू होतो. या दोहोंमध्ये किती विराम ठेवावा, यावर ध्वनिमुद्रणाचा परिणाम बराच अवलंबून असतो.

'आग्नुस देई' हा एकच विभाग जी मायनरमध्ये, म्हणजे कोमल चिन्हांच्या स्वरपट्टीत आहे. त्यामुळे तो इतरांपासून वेगळा व अंतर्मुख भासतो. त्यानंतर शांततेची याचना करणारा अंतिम विभाग पुन्हा डी मेजरमध्ये येतो.

ध्वनिमुद्रणे

पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण १९२९ मध्ये अल्बर्ट कोट्स यांच्या संचालनाखाली लंडनमध्ये झाले. कार्ल रिश्टर (१९६१) आणि ऑटो क्लेंपरर (१९६७) यांनी आधुनिक वाद्ये व मोठा गायकवृंद वापरला. क्लेंपरर यांची लय विशेष संथ व भारदस्त आहे. निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी १९६८ मध्ये बरोक वाद्यांसह प्रथमच ही कृती ध्वनिमुद्रित केली.

जोशुआ रिफ्किन यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रणात समूहगानातील प्रत्येक आवाजासाठी एकच गायक आहे. बाखच्या काळात हीच रीत होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विरोधक बाखच्या १७३० मधील निवेदनाकडे लक्ष वेधतात. त्यात प्रत्येक आवाजासाठी किमान तीन गायकांची अपेक्षा व्यक्त केली आहे. ही संख्या एका वेळी गाणाऱ्यांची नसून उपलब्ध असाव्यात अशा गायकांची आहे, असे रिफ्किन मानतात. हा वाद लयीशीही संबंधित आहे. लहान वृंदात प्रत्येक स्वरवाक्य स्पष्ट ऐकू येते आणि द्रुत लय सहज पेलते. मोठ्या वृंदात तीच लय धूसर होऊ शकते, परंतु संथ गतीत त्याला वेगळे गांभीर्य लाभते. जॉन एलियट गार्डिनर यांच्या १९८५ च्या ध्वनिमुद्रणात बरोक वाद्ये, मर्यादित आकाराचा गायकवृंद आणि चपळ लय यांचा मेळ आढळतो.