दधिकर्णाचे बारसे

आमच्या अकोटात नावे ठेवतात ती शेजाऱ्यांना; मांजराचे नाव ठेवण्याची पद्धत नाही. मांजर असेल तर मनी, बोका असेल तर मन्या, एवढ्यावर भागते. उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर आणि मेळघाट. १९७३-७४ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून भाच्यांची सरकारी मोजदाद होते; मावशीची मात्र कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बोका आमच्या घरात शिरला आणि कन्येने त्याचे नाव ‘टॉम’ ठेवायचे ठरवले. मी पडलो बँकेचा कारकून. चौकशीशिवाय खाते उघडत नाही. निघाले असे, की १९४० सालच्या पहिल्या चित्रपटात या टॉमचे नाव जॅस्पर होते. नाव बदलले, पण राजपत्रात प्रसिद्धी नाही! चिरंजीवांनी १९७८ सालचा गारफिल्ड सुचवला. पण तो पडला लझान्या खाणारा, आमच्याकडे भाकर. १८६५ साली ‘अ‍ॅलिस’मध्ये आलेले चेशायरचे मांजर नाहीसे होते आणि त्याचे हसू मागे राहते. यात नवल ते काय? आमच्या हापिसात माणूस नाहीसा होतो आणि खुर्चीवर पिशवी राहते.

“मांजराले काय नाव पायजे बाप्पा?” आई म्हणाली.

मग मी घरचे दप्तर काढले. महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाचा बोका जाळ्यात सापडतो आणि पलित नावाचा उंदीर त्याच्याशी तह करतो. पण जाळे कुरतडतो ते पारधी अगदी जवळ आल्यावर! तारण हातचे कधी सोडावे, हे त्या उंदराला आमच्या कर्जविभागापेक्षा चांगले ठाऊक होते.

पण मला भेटला तो हितोपदेशातला दधिकर्ण. म्हणजे दह्यासारख्या कानांचा. आमच्या बोक्याचाही एक कान पांढरा. दुर्दान्त सिंह झोपला की एक उंदीर त्याची आयाळ कुरतडी. सिंहाने दधिकर्णाला गुहेत आणले, रोज मांस घातले. भीतीने उंदीर बिळाबाहेर येईना आणि सगळे सुखात चालले. एके दिवशी भुकेला उंदीर बाहेर आला, दधिकर्णाने त्याला मारले, आणि सिंहाने त्याचे खाणे बंद केले. दधिकर्ण खंगत गेला.

ही गोष्ट वाचून मी जरा गप्प झालो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वर्षानुवर्षे न जुळलेला ताळा तीन महिने खपून जुळवला. पुढच्याच महिन्यात त्यांचे टेबल उचलले गेले. तेव्हापासून मी संध्याकाळी दोन व्हाउचरे ट्रेमध्ये शिल्लक ठेवूनच उठतो.

बारसे झाले. बोक्याला ‘दध्या’ म्हणू लागलो. फडताळातला उंदीर त्याने सहा महिने पकडला नाही. मला त्याच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटे. आणि एका रात्री त्याने तो आणून माझ्या पायाशी ठेवला. मला झोप लागेना.

सकाळी पाहतो तर आई, चहाच्याही आधी, त्याच्या बशीत दूध ओतत होती. मी म्हटले, “उंदीर तर संपला आता.”

“मंग? काम सरलं म्हून काय उपाशी ठेवाव त्याले?”

आईने हितोपदेश वाचलेला नाही. मी डबा घेतला, बँकेत गेलो, आणि त्या संध्याकाळी ट्रे रिकामा करूनच उठलो.