तलवार खरी की बनावट?

काशाची जुनी तलवार दिसली की सामान्य माणूस तिच्या हिरव्या रंगाकडे बोट दाखवतो आणि निर्वाळा देतो, "जुनी खरीच!" परंतु हा रंग फार दुबळा साक्षीदार होय. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते रात्रीत कळकते, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. आंबट द्रव्य आणि थोडी सवड हाताशी असली की लबाड कारागीरही नव्या काशावर हिरवे पुट चढवू शकतो. मग खऱ्याखोट्याचा निवाडा करावयाचा कसा? त्यासाठी जर्मनीतील नेब्रा गावाजवळचे एक प्रकरण आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो.

तेथील टेकडीवर १९९९ साली दोघांनी चोरून खणून काशाच्या दोन तलवारी, दोन कुऱ्हाडी, एक छिन्नी आणि सोन्याचे सूर्यचंद्र व तारे जडविलेली एक थाळी काढली व सर्व ऐवज विकून टाकला. २००२ साली पोलिसांनी स्वित्झर्लंडमध्ये सापळा रचून थाळी हस्तगत केली. पुढे अपिलाच्या सुनावणीत थाळीवरील पुट कृत्रिम आहे, असा दावा करण्यात आला.

तेव्हा शास्त्रज्ञांनी कसोट्या लावल्या. पुटातील हिरव्या खनिजाचे स्फटिक मोठे निघाले. असे स्फटिक सावकाश वाढतात, घाईने केलेल्या पुटात ते बारीक राहतात. नव्याने गाळलेल्या धातूत शिशाचा एक किरणोत्सर्गी प्रकार असतो. तो दर बावीस वर्षांनी निम्मा होतो, म्हणून शंभर वर्षांनंतर जवळजवळ उरत नाही. थाळीत तो आढळला नाही. एका तलवारीच्या मुठीत भूर्जाच्या सालीचा अंश मिळाला. कार्बनच्या मोजणीने तो इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराचा ठरला. वस्तूंना चिकटलेली माती टेकडीवरील खड्ड्याच्या मातीशी जुळली. न्यायालयाने बनावटीचा दावा मानला नाही.

तरीही वाद पुरता मिटला नाही. तलवारी व थाळी एकाच खड्ड्यात होत्या कशावरून, असा प्रश्न २०२० साली दोन पुरातत्त्वज्ञांनी उपस्थित केला आणि थाळी पुष्कळ नंतरची असल्याचे मत मांडले. इतरांनी त्याचे खंडन केले. पण प्रश्न उद्भवलाच का? कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणाशेजारी होती, हे सांगणारी जमीन चोरांच्या कुदळीने उलथीपालथी केली म्हणून. प्रयोगशाळा धातूचे वय सांगेल. वस्तूचा शेजार तिला परत आणता येत नाही.

आपल्याकडेही असे घडले आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा मिळाले. शास्त्रशुद्ध उत्खननाबाहेर सापडल्यामुळे त्यांच्या काळाविषयी मतभेद झाले. म्हणून आमची विनंती इतकीच : नांगराच्या फाळाला असे काही लागले, तर ते उचलून घासूपुसू नये. जागच्या जागी राहू द्यावे आणि जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. तलवारीची खरी साक्ष तिच्या पात्याइतकीच तिच्याखालच्या मातीत असते.